शुत्सन रायफल

शुत्सन रायफल ही एका वेळी एकच गोळी भरता येणारी, लक्ष्यवेधाच्या स्पर्धांसाठी बनवलेली जड रायफल होय. जर्मन भाषेत 'शुत्सन' म्हणजे नेमबाज. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनी, स्वित्झर्लंड व ऑस्ट्रिया येथून अमेरिकेत स्थायिक झालेल्या लोकांनी आपली नेमबाजी मंडळे व नेमबाजीचे उत्सव तेथे नेले. त्यांतून साधारणतः १८८० ते १९१५ या काळात ही रायफल पूर्णत्वास पोहोचली. तिची नळी बहुधा एखाद्या नामांकित कारागिराकडून खास बनवून घेतलेली असे आणि गोळ्या नेमबाज स्वतः शिसे व कथील वितळवून साच्यात ओतत असे. साध्या शिशाच्या गोळीने साधलेल्या अचूकतेमुळे शस्त्रविज्ञानाच्या इतिहासात या रायफलीला विशेष स्थान आहे.

स्पर्धेचे स्वरूप

शुत्सन स्पर्धा प्रामुख्याने २०० यार्ड (सुमारे १८३ मीटर) अंतरावर, उभे राहून व कोणताही टेकू न घेता होत. जर्मन पद्धतीच्या लक्ष्यावर २५ समकेंद्री वर्तुळे असत व त्यांच्यातील अंतर पाऊण इंच असे. सर्वांत आतल्या वर्तुळाचा व्यास अवघा दीड इंच असून त्यास २५ गुण मिळत. त्यामुळे १० गोळ्यांचे कमाल गुण २५० होत. टेकू देऊन नेमबाजी करण्याचा प्रकारही लोकप्रिय होता. त्यात नेमबाजाच्या हाताच्या कंपापेक्षा रायफल व गोळी यांची परीक्षा अधिक होई.

उभ्याने नेम धरणे सुकर व्हावे म्हणून दस्त्याच्या टोकाला खांद्यावर व दंडावर बसणारा आकडीदार धातूचा तुकडा, नळीखाली तळहातासाठी आधार आणि अतिशय हलक्या स्पर्शाने सुटणारा दुहेरी चाप अशी योजना असे. १२ ते १६ पौंड वजनाच्या रायफली सर्रास वापरात होत्या.

रायफलीची यंत्रणा

अमेरिकेतील बहुतेक शुत्सन रायफली काही ठराविक कारखान्यांच्या यंत्रणेवर उभारल्या जात. मार्लिनची बॅलार्ड, रेमिंग्टन-हेपबर्न, शार्प्स-बोर्चार्ट, स्टीव्हन्स यांच्या यंत्रणा, तसेच जॉन ब्राउनिंग यांनी आरेखित केलेली विंचेस्टर १८८५ या त्यांपैकी प्रमुख होत. यांतील बहुतेकांत काडतुसामागील पोलादी ठोकळा खाली सरकतो व पुन्हा वर येऊन नळीचा मागील भाग बंद करतो. खजिना नसल्याने यंत्रणा आटोपशीर व ताठ राहते. शिवाय काडतुसाच्या आकारावर मर्यादा येत नाही आणि गोळी काडतुसापासून वेगळी भरण्याची मुभा राहते. हा शेवटचा मुद्दा अचूकतेच्या दृष्टीने निर्णायक ठरला.

.३२-४० हे या खेळातील सर्वाधिक प्रचलित काडतूस होते. नावातील पहिला अंक इंचातील व्यास व दुसरा अंक काळ्या बारुदीचे ग्रेनमधील वजन दर्शवतो.

नळी व तिचे कारागीर

नळीच्या आतील पृष्ठभागावर सर्पिल खाचा पाडलेल्या असतात. त्यांमुळे गोळीला स्वतःभोवती फिरकी मिळते व ती हवेत स्थिर राहते. किती अंतरात एक पूर्ण फेरी व्हावी, हे गोळीच्या लांबीवर अवलंबून असते. ब्रिटिश गणिती आल्फ्रेड जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ साली यासाठी एक सोपा नियम मांडला. त्यानुसार गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या जितकी पट असेल त्या संख्येने १५० ला भागले असता एका फेरीचे अंतर व्यासाच्या पटीत मिळते. गोळी व्यासाच्या तिप्पट लांब असल्यास उत्तर ५० व्यास येते. .३२ इंच व्यासासाठी हे अंतर १६ इंच भरते आणि .३२-४० च्या नळ्यांत हेच प्रमाण रूढ होते.

नळी बनवणाऱ्यांत हॅरी मेल्व्हिल पोप (१८६१–१९५०) यांचे नाव अग्रभागी आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर असलेल्या पोप यांनी कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे हे काम सुरू केले. १९०१ साली ते स्टीव्हन्स कंपनीत गेले. पुढे त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत थाटलेली कार्यशाळा १९०६ च्या भूकंपात नष्ट झाली. नंतरची अनेक वर्षे त्यांनी न्यू जर्सीतील जर्सी सिटी येथे काम केले. त्यांच्या नळीत आठ खाचा असत. फिरकी डावीकडे असून ती तोंडाकडे किंचित वाढत जाई व नळीचा व्यास तोंडाकडे अत्यल्प प्रमाणात कमी होई. डेन्व्हरचे जॉर्ज शोयेन व सिराक्यूजचे ऑगस्ट झिशांग हेही या काळातील मान्यवर कारागीर होते.

गोळी ओतणे

शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. निव्वळ शिसे फार मऊ असते व साच्याच्या कोपऱ्यांत नीट भरत नाही. म्हणून त्यात थोडे कथील मिसळतात. २० ते ३० भाग शिशास १ भाग कथील हे शुत्सन गोळीचे नेहमीचे प्रमाण होय. अँटिमनीमुळे मिश्रण याहून कितीतरी कठीण होते. छापखान्यातील लायनोटाइपचा धातू हे त्याचे परिचित उदाहरण आहे. परंतु कठीण गोळी नेहमीच अधिक अचूक ठरते असे नाही. मंद वेगाच्या शुत्सन रायफलीत मऊ गोळी नळीत घट्ट बसते व खाचा पूर्णपणे भरून काढते. गोळीच्या अंगावरील खोबणीत मधमाश्यांचे मेण, चरबी इत्यादींचे वंगण भरतात. ते नसल्यास शिसे नळीला चिकटून अचूकता झपाट्याने ढासळते. शिशाची वाफ व धूळ विषारी असल्याने हे काम मोकळ्या हवेतच केले पाहिजे.

गोळीच्या तळाचे महत्त्व

डॉ. फ्रँकलिन मॅन यांनी मॅसॅच्युसेट्समधील मिलफर्ड येथे दीर्घकाळ पद्धतशीर प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष १९०९ साली 'द बुलेट्स फ्लाइट फ्रॉम पावडर टू टार्गेट' या ग्रंथात मांडले. नळी भक्कम चौथऱ्यावर ठेवून, गोळीच्या मार्गात कागदी पडदे उभारून त्यांनी गोळीच्या हालचालीचा माग घेतला. मुद्दाम विकृत केलेल्या गोळ्यांवरून असे दिसले, की टोकाला झालेली इजा फारशी बाधक नसते, पण तळाची कड किंचित जरी बिघडली तरी गोळी लक्षणीय भरकटते. गोळी नळीबाहेर पडते त्या क्षणी तिच्या तळामागील वायू जोराने सुटत असतो. कड एकसारखी नसेल तर त्याचा दाब एका बाजूला अधिक पडतो.

पोप यांची भरण्याची पद्धत याच तत्त्वाशी जुळणारी होती. तीत गोळी नळीच्या तोंडाकडून आत ढकलली जाई व बारूद भरलेले काडतूस मागून बसवले जाई. त्यासाठी मूळ नळीचाच एक तुकडा कापून, खुंट्यांच्या साहाय्याने तोंडावर तंतोतंत बसेल असे 'खोटे तोंड' बनवत. गोळी पुढून आत जाताना खाचांमुळे निघणारी शिशाची झालर तळाकडे न जाता टोकाच्या दिशेने वळे व तळ स्वच्छ राही. दुसऱ्या पद्धतीत एका अवजाराने गोळी मागूनच, काडतुसाच्या किंचित पुढे, नळीत बसवली जाते. अनेक नेमबाज संपूर्ण स्पर्धेत एकच पुंगळी पुन्हा पुन्हा भरून वापरत.

अचूकतेचे गणित

सेकंदाला ४२७ मीटर वेगाने व १६ इंचांत एक फेरी या फिरकीने निघालेली गोळी सेकंदाला सुमारे १,०५० फेरे घेते. ओतीव गोळीत हवेची सूक्ष्म पोकळी राहिल्यास तिचा गुरुत्वमध्य अक्षापासून सरकतो. हे विचलन केवळ ०.०१ मिलिमीटर असले तरी नळीबाहेर पडताच गोळीला सेकंदाला सुमारे ६.६ सेंटिमीटर इतका आडवा वेग मिळतो. २०० यार्ड कापण्यास अंदाजे ०.४८ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात गोळी सुमारे ३ सेंटिमीटर बाजूला जाते. म्हणूनच काळजी घेणारे नेमबाज गोळ्या वजनाने व नजरेने निवडतात आणि साच्यातील खुणेनुसार प्रत्येक गोळी एकाच दिशेने बसवतात. दोष समान असेल तर विचलनही एकाच दिशेला होते.

वेगातील फरकाचा परिणामही असाच मोठा आहे. ०.४८ सेकंदांत गोळी गुरुत्वाकर्षणाने सुमारे १.१ मीटर खाली येते. वेगात १ टक्का फरक पडल्यास लक्ष्यावर ढोबळमानाने २ सेंटिमीटरचा उभा फरक पडतो. त्यामुळे बारुदीचे माप काटेकोर राखणे अपरिहार्य ठरते. वाऱ्याचा परिणाम मात्र रायफलीत सुधारणा करून टाळता येत नाही. तो निशाणांवरून ओळखावा लागतो.

रोलंड यांचा विक्रम व त्याचा अर्थ

१९०१ साली कोलोरॅडोतील बोल्डर येथे सी. डब्ल्यू. रोलंड यांनी पोप नळीच्या .३२-४० रायफलीने टेकू देऊन २०० यार्डांवरून १० गोळ्या झाडल्या. सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या केंद्रांमधील अंतर ०.७२२ इंच, म्हणजे सुमारे १८ मिलिमीटर भरले. कोनीय मापात हे अंशाच्या साठाव्या भागाच्या सुमारे एक तृतीयांश होते. शिशाच्या गोळीने केलेली ही कामगिरी पुढे अनेक दशके आदर्श मानली गेली.

तथापि असा एकच गट म्हणजे रायफलीची नेहमीची अचूकता नव्हे. झाडलेल्या अनेक गटांतील सर्वांत लहान गट तेवढा लक्षात राहतो, सरासरी विस्मरणात जाते. गोळ्यांची संख्याही महत्त्वाची असते. गोळ्या केंद्राभोवती यदृच्छया विखुरतात असे गृहीत धरल्यास, त्याच रायफलीचे ३ गोळ्यांचे गट १० गोळ्यांच्या गटांच्या सरासरी ६३ टक्के व ५ गोळ्यांचे गट सुमारे ८० टक्के आकाराचे येतात. म्हणून ३ गोळ्यांच्या एखाद्या लहान गटावरून नळीची, साच्याची वा मिश्रणाची थोरवी ठरवणे योग्य नाही. दोन गोळ्यांची वा दोन नळ्यांची तुलना करायची तर दोहोंचे समान संख्येचे अनेक गट घेऊन त्यांची सरासरी पाहावी लागते. रोलंड यांच्या गटाचे मोल यामुळे कमी होत नाही, कारण १० गोळ्यांचा इतका लहान गट सुमार सामग्रीने योगायोगानेही साधणे जवळजवळ अशक्य असते.

ऱ्हास व पुनरुज्जीवन

पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जर्मनविरोधी भावना तीव्र झाली व जर्मन नावाची अनेक नेमबाजी मंडळे बंद पडली. धातूचे आवरण असलेल्या वेगवान गोळ्या, लष्करी रायफलींच्या स्पर्धा व स्वस्त .२२ रायफली यांमुळेही हा खेळ मागे पडला. अनेक मूळ नळ्या पुढे दुसऱ्या काडतुसांसाठी बदलल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४८ साली स्थापन झालेल्या अमेरिकन सिंगल शॉट रायफल असोसिएशनने जुन्या नियमांच्या स्पर्धा पुन्हा सुरू केल्या. आज नव्या यंत्रणा, नव्या पोलादाच्या नळ्या व दुर्बिणी वापरल्या जातात, पण साच्यात ओतलेली शिशाची गोळी व एकेक करून भरण्याची पद्धत या खेळात कायम आहे.