घसाऱ्याच्या पलीकडे

बी.कॉम.ला आम्हांला घसारा शिकवला. म्हणजे असं, की खुर्ची हजार रुपयांना घेतली तर दरवर्षी तिच्या किमतीतून काही टक्के कापायचे आणि उरलेला आकडा वहीत लिहायचा. कापत कापत खुर्ची एक रुपयावर येते आणि तिथं थांबते. बँकेत अशाच एक रुपयाच्या खुर्चीवर बसून मी वीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे या शास्त्रावर माझी श्रद्धा आहे. फक्त एक गोष्ट प्राध्यापकांनी सांगितली नाही, ती जुन्या बाजारानं सांगितली. एक रुपयावर आलेली खुर्ची न मोडता टिकून राहिली, तर एके दिवशी तिची किंमत उलटी चढायला लागते!

कधीपासून? याचंही उत्तर सरकारनं देऊन ठेवलं आहे. १९७२ च्या पुराणवस्तूंच्या कायद्याप्रमाणे वस्तूला शंभर वर्षं व्हावी लागतात. मोलाच्या हस्तलिखिताला पंचाहत्तर पुरतात. एकदा ती पुराणवस्तू ठरली की तिच्या धंद्याला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. म्हणजे नव्व्याण्णव वर्षांचा दिवा तो नुसता जुना दिवा, आणि पुढच्या वाढदिवसाला तोच दिवा राष्ट्राचा ठेवा. माणसाच्या बाबतीत साठाव्या वर्षी निरोपसमारंभ करून मोकळे होतात. दिव्यांचं नशीब बरं.

मधल्या काळात, म्हणजे भंगार आणि ठेवा यांच्या सीमारेषेवर, हे बाजार भरतात. पॅरिसचा घ्या. १८८३ साली तिथल्या पुबेल नावाच्या साहेबानं हुकूम काढला, की प्रत्येक घरमालकानं कचऱ्यासाठी झाकणाचे डबे ठेवावेत. आपल्याला वाटेल, चांगलंच झालं! पण रस्त्यावरच्या कचऱ्यातून चिंध्या-भांडी वेचून पोट भरणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. शहरातून उठवलेली ही मंडळी वेशीबाहेर पथाऱ्या पसरून बसू लागली आणि त्यातून तिथला प्रसिद्ध 'पिसवांचा बाजार' उभा राहिला. १८८५ हे त्याचं जन्मसाल मानतात. पुढे सुटाबुटातले लोक तिथं गाद्या झटकून बघायला जाऊ लागले. पुबेलसाहेबांचं नाव मात्र फ्रेंच माणूस आजही रोज घेतो, कारण कचऱ्याच्या डब्याला तिकडे 'पुबेल' म्हणतात. हुकूम काढताना साहेबांनी जरा विचार करावा तो असा.

आपल्या मुंबईच्या चोर बाजाराचं नाव म्हणे मूळचं 'शोर बाजार'. साहेबाच्या जिभेवर त्याचा 'चोर' झाला, असं सांगतात. तिथली दुसरी कथा याहून झकास. व्हिक्टोरिया राणी मुंबईला आली, बोटीवरून सामान उतरताना तिचं व्हायोलिन गायब झालं आणि ते चोर बाजारात सापडलं! कथेत एकच उणीव आहे. व्हिक्टोरिया राणी जन्मात हिंदुस्थानात आली नाही. पण मटन स्ट्रीटवर उभं राहून हे बोलू नये. ज्या गल्लीत प्रत्येक घड्याळ कुठल्या तरी नवाबाचं असतं, तिथं राणीला एक व्हायोलिन परवडायला हरकत नाही.

विक्रेता दोन हजार म्हणतो, आपण दोनशे म्हणायचे, तो वडिलांची शपथ घालतो, आपण चालू लागायचं, तो हाक मारतो. हे सगळं शास्त्राप्रमाणे होतं. गंमत पुढे आहे. ज्या घंगाळावर ही घासाघीस चालते, ते आलं कुठून? ते तुमच्याआमच्या घरातूनच आलेलं असतं.

साठ-सत्तरच्या दशकांत स्टेनलेस स्टील घराघरांत शिरलं. त्याआधी तांब्यापितळेचा संसार. चिंच लावून घासायचं, आणि पातेल्याला वेळेवर कल्हई झाली नाही तर आमटी कळकायची. आमच्या आजीनं हंडे, तपेली मोडीच्या भावानं, वजनावर देऊन टाकली आणि चकचकीत स्टीलचे डबे आणले. पैठण्या गेल्या बोहारणीकडे. यात तिचा काडीचा दोष नाही. घंगाळाचं सौंदर्य ते न घासणाऱ्यालाच जास्त दिसतं. आता नातवंडं तसलंच घंगाळ दहापट दामानं विकत आणतात आणि दिवाणखान्यात त्यात छत्र्या ठेवतात.

सगळा गाव मोडीत काढत असताना एक माणूस उलट दिशेनं चालला होता. दिनकर केळकर, कवी 'अज्ञातवासी'. १९२० च्या सुमारापासून ते अडकित्ते, दिवे, पानदानं, पाय घासायच्या वज्र्या, वाद्यं, गंजिफा गोळा करत राहिले. राजेरजवाड्यांच्या तलवारी सगळेच जपतात. यांनी सुपारी कातरायचं साधन जपलं. वाडे पडत होते, वस्तू वीस हजारांच्या वर गेल्या. १९६२ साली पुण्यात संग्रहालय झालं आणि १९७५ साली सगळा संग्रह त्यांनी राज्य सरकारला देऊन टाकला. बँकेच्या भाषेत, सगळं नावे आणि जमेला शून्य.

नावातला 'राजा' ही पदवी आहे असं बऱ्याच लोकांना वाटतं. तो त्यांचा मुलगा. लहानपणी, सातव्या वर्षी गेला. हे कळल्यावर तिथल्या अडकित्त्यांपुढे भावाचा विचार डोक्यात येत नाही. निदान माझ्या तरी आला नाही, आणि मी व्याजाच्या दराशिवाय फारसा कशाचा विचार करत नाही.

आजीच्या मोडीतून एक पितळी वज्री कशी कोण जाणे सुटली होती. एका जाणकारानं ती हातात फिरवून सांगितलं, "विकायला काढा, मग खरी किंमत कळेल." ती कळू नये, म्हणून माळ्यावरून काढून ती मोरीत ठेवली आहे. रोज पाय घासतो.