बाजूची जागा



सध्या आपल्या हैदराबादेत एक जुनी ब्रिटिश मोटरसायकल विक्रीला आहे. बीएसए कंपनीची एम-२०, डाव्या अंगाला साइडकार जोडलेली. बीएसए म्हणजे ‘बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स’. नावातच शस्त्रे! १८६१ साली बर्मिंगहॅमच्या बंदूक-कारागिरांनी एकत्र येऊन ही कंपनी काढली. पुढे तिने सायकली केल्या आणि १९१० पासून मोटरसायकली. बोधचिन्ह मात्र जुनेच राहिले, एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. रस्तोरस्ती धडधडणारी आपली रॉयल एनफील्डही त्याच गोत्रातली. तिच्या बोधचिन्हात तोफ होती आणि १९३२ साली गाडीला नाव दिले ‘बुलेट’, म्हणजे बंदुकीची गोळी.

आपण हैदराबादकरांनी याचे नवल करू नये. सेंट जोसेफ कॅथेड्रलला मिस्सासाठी जाताना आपण रिक्षावाल्याला ‘गनफाउंड्री’ असेच सांगतो. निजामाच्या चाकरीतला फ्रेंच सेनानी रेमंड याने १७९५ साली तिथे तोफा ओतण्याचा कारखाना घातला. शंभर वर्षांच्या आत, १८७०च्या दशकात, त्याच वस्तीत कॅथेड्रल उभे राहिले. तलवारी मोडून नांगराचे फाळ घडवतील असे यशया संदेष्ट्याने पाहिले होते. आमच्याकडे तोफांच्या भट्टीशेजारी घंटा वाजू लागल्या. पूर्वी तोफा आणि घंटा दोन्ही काशाच्या ओतत, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पण उलटेही घडते. १९१४ साली युद्ध पेटले आणि ब्रिटिश सैन्याने साइडकारमध्ये माणसाच्या पुढ्यात व्हिकर्स मशीनगन बसवली. क्लायनो कंपनीच्या अशा गाड्यांची वेगळी पथके उभी राहिली. त्याच युद्धात आपल्या सिकंदराबादची घोडदळ ब्रिगेड फ्रान्सला गेली होती. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत, हाय वुड नावाच्या रानाजवळ, तिच्यातल्या डेक्कन हॉर्सच्या स्वारांनी भाले सरसावून घोडे घातले. समोर मशीनगन होत्या. मात्र जखमींना उचलून नेण्यासाठी स्ट्रेचर बसवलेल्या साइडकारही त्याच युद्धात धावल्या. जागा तीच, तिच्यात काय ठेवायचे एवढाच फरक. वाटेत पडलेल्याला स्वतःच्या जनावरावर बसवणारा शोमरोनी आम्हाला इथे आठवतो.

या बाजूच्या जागेचा जन्मही मजेशीर आहे. सुरुवातीच्या मोटरसायकलवाल्यांनी सोबतीच्या माणसाला कधी पुढे बसवून पाहिले. धडक झाली तर पहिला घाव त्यालाच! कधी मागे छोटी गाडी जोडून तिच्यात बसवले. तिथे साऱ्या वाटेची धूळ आणि धूर त्याच्या तोंडावर. १९०३च्या सुमारास त्याला बाजूला घेण्याची युक्ती निघाली. आता दोघांना एकच रस्ता दिसू लागला आणि थोडे ओरडून का होईना, बोलता येऊ लागले. प्रेषितांच्या कृत्यांत गाझाच्या वाटेवर कूशी अधिकारी रथात बसून यशयाचे पुस्तक वाचत होता. अर्थ लागेना, म्हणून त्याने फिलिपला वर आपल्याजवळ येऊन बसण्याची विनंती केली. त्या रथात एक जागा रिकामी होती, म्हणून तर पुढचा बाप्तिस्मा झाला.

विक्रीला असलेल्या एम-२०ची गोष्ट दुसऱ्या महायुद्धाची. ४९६ सीसीचे साधे, सोशिक इंजिन. वेग बेताचा, पण ओझे ओढायला खंबीर. बीएसएने अशा सुमारे १,२६,००० गाड्या सैन्यासाठी केल्या. १९ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन बॉम्ब तिच्या बर्मिंगहॅमच्या कारखान्यावर पडले आणि ५३ कामगार ढिगाऱ्याखाली गेले. नोव्हेंबर हा आपला मृतांच्या स्मरणाचा महिना. या अनोळखी त्रेपन्न जणांसाठी एकदा ‘हे आमच्या बापा’ म्हणावे.

युद्धानंतर इंग्लंडात साइडकार ही गरिबाची मोटार झाली. नवरा हँडलवर, बायको आणि पोरे बाजूला. १९५९ साली छोटी मिनी मोटार आली आणि त्या संसारांनी साइडकार सोडली. पुष्कळ ठिकाणी मोटरसायकल जपली गेली आणि साइडकार सुटी करून भंगारात गेली. म्हणून जोडी शाबूत असली की आज किंमत चढते. इंजिन आणि सांगाडा दोन्हींचे क्रमांक मूळचे असले तर आणखी चढते.

आमच्या तरुण मंडळींनी सुचवले की वर्गणी काढून ही गाडी घेऊ आणि रविवारी म्हाताऱ्यांना मिस्साला आणू. कल्पना गोड आहे. पण २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवली (शुल्क २०,००० रुपये) की ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला मनाई. म्हणजे मौल्यवान ठरली आणि सेवेतून उठली! आमच्या मते त्या पैशांत वर्षभराच्या रिक्षा ठरवाव्यात. गुडघे गेलेल्या माणसाला ज्या साइडकारमध्ये उतरवताना दोघे लागतात, तिचे कौतुक लांबूनच बरे.

तरीही एक गोष्ट जुने चालवणारे सांगतात, ती ऐकण्यासारखी आहे. साइडकार रिकामी असली की गाडी चालवणे अवघड होते. डावीकडे वळताना बाजूचे चाक जमिनीवरून उचलते आणि नवखा घाबरून सरळ समोरच्या गाड्यांत जातो. माणूस बसलेला असला की त्याच्या वजनाने चाक रस्त्याला धरून राहते. म्हणून एकटे निघायचे असेल, तर चालवणारे त्या जागी वाळूचे पोते ठेवतात.