ट्रामच्या रुळांपलीकडे

आमच्या घरी दिवाळीपूर्वीची साफसफाई म्हणजे एक लहानसे उत्खननच असते. माळ्यावरून पत्र्याच्या ट्रंका खाली उतरतात, त्यांवरची धूळ झटकली जाते, आणि आतल्या वस्तू टाकून द्याव्यात की पुन्हा ठेवाव्यात यावर दोन दिवस वाद होतो. शेवटी सर्व काही जसेच्या तसे परत माळ्यावर जाते. गेल्या वर्षी मात्र आईच्या ट्रंकेतून एक फोटो निघाला आणि आमचे फराळाचे कामसुद्धा मागे पडले.

फोटो जुन्या पेटी-कॅमेऱ्याचा, तळहातात मावेल एवढा. जहाजावर कामाला असलेल्या आमच्या मामाने तसला कॅमेरा आणला होता आणि सुटीवर आला की तो दिसेल त्याला उन्हात उभे करी. या फोटोत आबा, म्हणजे माझे वडील, एका इराण्याच्या हॉटेलासमोर उभे आहेत. डोक्यावर टोपी, पायांत वहाणा, आणि चेहऱ्यावर गिरणीच्या साहेबासमोर असावा तसला गंभीर भाव. हॉटेलच्या नावाची पाटी वरून कापली गेली आहे. फोटोच्या पाठीवर एक अक्षर नाही.

"हा परळचा इराणी," अक्का म्हणाली. अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. घरात तिच्या स्मरणशक्तीला आव्हान देण्याची पद्धत नाही. पण मी म्हटले, "हा आपल्या लालबागच्या नाक्यावरचा." एवढ्यावर भांडण जुंपले.

मी भिंग घेऊन बसलो. जुना फोटो पाहताना मधल्या माणसाकडे पाहू नये, कडेला पाहावे, हे मला इतक्या वर्षांत कळले आहे. मधला माणूस त्या दिवसापुरता उभा असतो, कडेच्या वस्तू रोजच्या असतात. पहिली गोष्ट दिसली ती रस्त्यातले ट्रामचे रूळ. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली सुरू झाली, विजेची १९०७ साली आली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. तेव्हा फोटो त्याच्या आधीचा. मग हॉटेलच्या दाराशी टांगलेला दरफलक दिसला. त्यावर चहापुढे '१२ न. पै.' असे आकडे होते. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ रोजी. तोवर चहा दोन आण्यांना असे. दोन आण्यांचे साडेबारा नवे पैसे होतात, आणि अर्धा पैसा तर कुणाकडेच नाही. त्या अर्ध्या पैशाची भांडणे त्या दिवसांत गल्ल्यागल्ल्यांवर ऐकू येत. तिसरी खूण भिंतीवरची. चुन्याने मोठाल्या अक्षरांत 'झालाच पाहिजे' एवढेच दिसत होते, पण काय झाला पाहिजे ते आमच्या पिढीला सांगावे लागत नाही. १ मे १९६० ला तो झालाही. आता, राज्य झाल्याबरोबर कुणी भिंती पुसायला धावत नाही, चाळींच्या भिंती तर नाहीच, तरीपण फोटो १९५७ ते १९६० या काळातला असे म्हणायला हरकत नव्हती.

साल सापडले, पण नाका सापडला नाही. कारण इराणी पाहावा तर सगळे सारखे! मुंबईच्या ज्या चौकात उभे राहाल त्या चौकाच्या कोपऱ्यावर इराणी असायचाच. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून इतर दुकानदार ती घेत नसत आणि इराण्यांना ती स्वस्तात मिळे, असे सांगतात. मला स्वतःला वाटते, दोन रस्त्यांची गिऱ्हाइके येतात आणि दोन बाजूंनी वारा येतो, एवढे शहाणपण त्यामागे पुरेसे आहे. ही मंडळी इराणातल्या यझ्द आणि करमान भागांतून आलेली, काही झरतुष्ट्राचे अनुयायी, काही मुसलमान. संगमरवरी पाटांची टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर आरसे, दाराशी गल्ल्यावर बसलेला शेठ आणि त्याच्यासमोर बिस्किटांच्या काचेच्या बरण्या. ब्रून मस्का, खारी, मावा केक, आणि कडक चहा हवा असेल तर 'पानी कम'. त्याच गल्ल्यावर साबणाची वडी आणि दाढीचे पातेही मिळे. एक चहा घेऊन दोन तास बसले तरी शेठ उठवीत नसे. गिरणगावात याची किंमत फार मोठी होती. एका खोलीत पंधरा-वीस माणसे पाळीपाळीने झोपत. दिवसपाळीचा उठला की त्याच्या अंथरुणावर रात्रपाळीचा पडे. ज्याची झोपेची पाळी नाही त्याने जायचे कुठे? तो इराण्याकडे जाई आणि एक वर्तमानपत्र चौघांत वाटून वाची.

अक्काला हे पुराण मान्य होते, पण त्याने परळचे लालबाग होत नव्हते. मी आणखी फोटो शोधू लागलो. आमच्याकडे एक फोटो आबांनी मला काळा घोडा दाखवायला नेले तेव्हाचा आहे. मी पाच-सहा वर्षांचा, आबांच्या खांद्यावर, आणि मागे सातव्या एडवर्डचा घोडा. तो पुतळा १८७९ सालचा, सर अल्बर्ट ससून यांनी शहराला दिलेला. स्वार युवराज होता हे लोक केव्हाच विसरले, घोड्याचे नाव मात्र चौकाला राहिले. १९६५ साली पुतळा तिथून हलवला आणि तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. पुढे पन्नासएक वर्षे घोडा नसलेल्या चौकाला मुंबईकर काळा घोडाच म्हणत राहिले. २०१७ साली तिथे नवा घोडा बसवला, तोही बिनस्वाराचा. त्याच चौकात 'वेसाइड इन' होते. अरुण कोलटकर तिथल्या खिडकीशी बसून समोरचा रस्ता पाहत आणि त्यातून त्यांचे 'काळा घोडा पोएम्स' २००४ साली पुस्तकरूपाने आले. ते उपाहारगृह या शतकाच्या आरंभी गेले. शेजारच्या जहांगीर कलादालनातले 'समोवार' १९६४ साली उघडले आणि २०१५ साली ३१ मार्चलाच बंद झाले. ट्रामचीही तीच तारीख. धोबीतलावचे 'बास्तानी' २००४ च्या सुमारास मिटले. त्याच्या सूचनाफलकावरून निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविता केली होती.

या सर्वांचे फोटो पाहायला मिळतात. कुणी कवी, कुणी चित्रकार, कुणी परदेशी पाहुणा तिथे बसला म्हणून ते काढले गेले. फोटोचे तसेच आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच निघाली. डॉक्टर भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिचे सभासद होते. त्या काळच्या फोटोंत इमारती कशा लख्ख आणि रस्ते कसे ओस दिसतात! लोक नव्हते असे नाही. काच काही क्षण उघडी ठेवावी लागे, आणि तेवढ्यात जो हलला त्याचे चित्र उमटतच नसे. बैलगाडी, पाणी वाहणारा, डोक्यावर टोपली घेऊन जाणारी बाई, सगळी धुरासारखी विरून जात. जो स्वस्थ उभा राहील तोच राहिला.

आमची आई कधीच स्वस्थ उभी राहिली नाही. ती खानावळ चालवीत असे. आबा साचेखात्यात होते, पण त्यांचा पगार घराला पुरण्याजोगा नव्हता. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सातारकडची बावीस माणसे तीन पाळ्यांनी जेवत. भोंग्याआधी पहिली पंगत उठलेली हवी म्हणून आई पहाटे साडेतीनला चूल पेटवी. भाकऱ्या थापायला अक्का शेजारी बसे. चौथीनंतर अक्काची शाळा सुटली ती यामुळे. माझी सुटली नाही, तीही यामुळेच. ही गोष्ट आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही.

अशा खानावळी गिरणगावात चाळीचाळीत होत्या. त्यांना पाटी नव्हती. पैसे महिन्याच्या पगाराला, तोवर सगळे वहीत. गिरणी चालली तर खानावळ चाले. १९७४ च्या संपात पगार थांबले, पण जेवणारे जेवतच राहिले, आणि वाण्याची उधारी बायांच्या डोक्यावर बसली. त्यातूनच प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली. ज्या बाईने बँकेची पायरी चढली नव्हती तिने तिथे सही केली, हे मी पाहिले आहे. आईची सही 'रु' ला ऱ्हस्व की दीर्घ यावर अडली होती. पुढे १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप मागे घेतल्याचे कुणी कधी जाहीर केले नाही. आमचे जेवणारे एकेक करून गावी गेले. आईने वहीत त्यांची बाकी लिहिली आणि वही ट्रंकेत ठेवली. फोटो त्या वहीतच होता.

आईचा त्या खोलीतला एकही फोटो नाही. मामाच्या कॅमेऱ्याला ऊन लागे, आणि आमच्या खोलीत ते कधी आले नाही.

भाऊबीजेच्या दिवशी ओवाळून झाल्यावर अक्काने तो फोटो पुन्हा मागितला. "परळचाच," असे म्हणत तिने भिंग लावले. तिची नजर आबांवरून, इराण्यावरून वर सरकली. हॉटेलच्या डावीकडे शेजारच्या चाळीचा पहिला मजला थोडासा आला आहे. इतके दिवस मला तिथे नुसते पांढरे ठिपके दिसत होते, फोटोवरचे डाग समजून मी ते सोडून दिले होते.

अक्का बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, थाळ्या आहेत या. आपल्या गॅलरीत वाळत घातल्यात. लालबागच आहे."

भिंग मला न देता ती बोट ठेवून मोजू लागली. एकदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. एकोणीस भरल्या.

"बावीस हव्यात," मी म्हणालो.

"तिसऱ्या पंगतीचे तिघं जेवायचे असतील अजून," अक्का म्हणाली, आणि तिने फोटो वहीत होता त्या पानाशी परत ठेवला.