ठोकळा-ब्रेक, गाडीचा

जनावरांनी ओढायच्या गाडीचे चाक घर्षणाने रोखणारी साधी यंत्रणा.

यूरोपात उतारावर घोडागाडीच्या चाकाखाली लोखंडी पादुका सरकवत. पुढे तरफेने किंवा स्क्रूने दाबायचा ठोकळा रूढ झाला.

माजरीसह चंद्रपूर भागातील पारंपरिक बंडीला (→ बैलगाडी) सहसा ब्रेक नसतो. उतारावर ओझे जू पुढे ढकलते, आणि गाडी थोपवण्याचा सारा ताण बैलांच्या मानेवर येतो. यावरचा उपाय गावच्या सुताराच्या आवाक्यातला आहे : चाकांलगत आडवे लाकूड टांगायचे, टोकांना ठोकळे बसवायचे, दोरी ओढली की ते लोखंडी धावेवर घासतात. झिजतो तो ठोकळा, धाव नव्हे, म्हणून दुरुस्ती स्वस्त पडते. ओल्या धावेवर मात्र पकड घटते.

बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडी-सुधारणेचा प्रश्न देशपातळीवर मांडला. अशा सुधारणेत लोखंडी धावेऐवजी रबरी टायर बसवलेल्या गाड्यांना ड्रम ब्रेक (→ ब्रेक) अधिक सोयीचा ठरतो.