माणहून समुद्र किती लांब?

माणला समुद्र नाही. पावसाळ्यात हिंजवडीच्या रस्त्यावर पाणी साचतं आणि त्यातून मी स्कूटर काढतो, त्याला कुणी नौकानयन म्हटलं तर माझी हरकत नाही. तरीही परवा आमच्या घरात आरमारावरून रण माजलं.

निमित्त भाच्याचं. तो कॉम्प्युटर कंपनीत आहे आणि टॉल्किनचं ‘सिल्मरिलियन’ वाचतो. त्यात एल्फ नावाचे लोक आहेत. आपले यक्ष-गंधर्व समजा. त्यांच्यातले टेलेरी दर्यावर्दी. त्यांची हंसाच्या आकाराची शुभ्र जहाजं भाऊबंदांनी मागितली. हे नाही म्हणाले, तर त्यांनी कापाकापी करून जहाजं पळवली, पलीकडे गेले आणि जाळून टाकली!

“मामा, आपलीच माणसं असं करतात का हो?”

“करतात की. १७५६ साली, विजयदुर्गला.”

आंग्र्यांचं मूळ आडनाव संकपाळ. मावळातल्या आंगरवाडीवरून आंग्रे झाले असं सांगतात. म्हणजे आपल्यासारखेच घाटावरचे. पण कान्होजी मराठ्यांचे सरखेल झाले आणि कोकणच्या दर्यात त्यांच्या दस्तकावाचून गलबत हाकारणं अवघड झालं. दस्तक म्हणजे परवाना. पैसे भरा, कागद घ्या, सुखरूप जा. पोर्तुगीज असाच कागद विकत, तो कायदा. कान्होजींनी मागितला की इंग्रज त्यांना चाचे म्हणत. ही नोंद कुठल्या खात्याला टाकायची, ते बी.कॉम. होऊनही मला उमगलेलं नाही. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परतले.

१७२९ साली कान्होजी वारले आणि मुलांत वाटणीवरून जुंपली. कुलाबा मानाजीकडे, विजयदुर्ग आधी संभाजीकडे आणि मग तुळाजीकडे. तुळाजीही काही गरीब गाय नव्हे. पेशव्यांना तो जुमानेना. नानासाहेबांनी १७५५ साली इंग्रजांशी करार केला. भावकीच्या तंट्यात तिसऱ्याला बोलावलं की तो आधी आपली जागा मोजून घेतो, हे मी माणला बँकेच्या काउंटरवर बसून इतक्यांदा पाहिलंय की पुढचं सांगायला इतिहासकार लागत नाही.

त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये समुद्रातून वॉटसन आणि जमिनीवरून क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तोफेचा एक पेटता गोळा ‘रिस्टोरेशन’ जहाजावर पडला. गंमत पाहा, ते जहाज आंग्र्यांनी कंपनीकडूनच जिंकलेलं! एकमेकांना बांधलेल्या गुराबा-गलबतांवरून आग पसरली आणि जवळजवळ सगळा काफिला जळाला. किल्ल्यात सुमारे दहा लाखांची लूट मिळाली, ती इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. पेशव्यांच्या खात्यात शून्य. किल्लासुद्धा ऑक्टोबरात नवा तह झाल्यावर हाती आला, आणि बदल्यात बाणकोट गेलं ते गेलंच. तुळाजीचं उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेलं. वॉटसन आणि क्लाइव्ह मात्र तिथून पुढे बंगालकडे गेले. १७५७ साली प्लासी झाली.

इंग्रजांनी जाळलं, हे समजू शकतं हो. पण सरपण आपण पुरवलं, याचा मला आजही राग येतो. त्या रात्री जेवण गेलं नाही.

भाचा बराच वेळ पुस्तकात बोट घालून बसला होता. मग म्हणाला, “मामा, विजयदुर्गला स्वारगेटहून गाडी आहे का?”

म्हटलं, “पाऊस उघडू दे. आधी हिंजवडी तर ओलांडू.”