रायगड (किल्ला)

रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यातील शिवकालीन राजधानीचा डोंगरी किल्ला. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मी. महाडपासून सुमारे २५ किमी.वर, काळ आणि गांधारी नद्यांच्या खोऱ्यांमध्ये एकट्या उभ्या राहिलेल्या डोंगरावर तो आहे. जुने नाव रायरी. जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांकडून तो १६५६ मध्ये शिवाजी महाराजांकडे आला, आणि येथेच ६ जून १६७४ रोजी त्यांचा राज्याभिषेक झाला.

गडकोटांच्या नेहमीच्या साच्यात रायगड बसत नाही. भोवती सलग तटबंदी नाही, कारण बहुतेक बाजूंनी कडे सरळ तुटलेले आहेत. टकमक, हिरकणी, भवानी या टोकांवर निसर्गानेच तट घातला आहे. माणसाने बांधकाम केले ते फक्त जिथे चढून येणे शक्य होते तिथे. महादरवाजा हा याचा उत्तम नमुना. सुमारे ७५ व ६५ फूट उंचीच्या दोन बुरुजांच्या वळणात तो असा दडवला आहे, की अगदी जवळ जाईपर्यंत दार दिसतच नाही. समोर येणाऱ्याला दिसतात ते बुरूज, आणि वरून मारा होणार तोही तिथेच. कमानीच्या दोन्ही अंगांना कोरलेली कमळे थांबून पाहावीत.

माथ्यावर मात्र किल्ला संपून नगर सुरू होते. गंगासागर तलावाच्या काठी बारा बाजूंचे दोन मनोरे, मागे पालखी दरवाजा, राण्यांच्या महालांची ओळ, अष्टप्रधानांचे वाडे, मेणा दरवाजा. महालांची आता जोतीच उरली आहेत, पण प्रत्येकाला जोडून स्वतंत्र शौचकूप आहे, हे बारकाईने पाहणाऱ्याच्या लक्षात येते. राजसभेत सिंहासनाचा चौथरा पूर्वाभिमुख आहे आणि समोर नगारखान्याचे भव्य प्रवेशद्वार. या दारापाशी बेताच्या आवाजात बोललेले सिंहासनापाशी स्पष्ट ऐकू येते. गडावरचे वाटाडे हे आवर्जून करून दाखवतात. बाजारपेठेत समोरासमोर दोन रांगा, प्रत्येकीत २२ गाळे. जोती उंच असल्याने घोड्यावर बसूनच खरेदी होई, असे सर्रास सांगितले जाते. ही समजूत मात्र केवळ जोत्यांच्या उंचीवरून बेतलेली दिसते.

पुढे जगदीश्वराचे देऊळ. बाहेरून घुमट आणि कोपऱ्यांवरचे लहान मिनार, त्यामुळे नवख्याला ते देऊळ वाटत नाही. भिंतीवरच्या संस्कृत शिलालेखात गडावरील विहिरी, तलाव, बागा, रस्ते, स्तंभ आणि वाडे यांची यादी असून, हे सर्व हिरोजीने उभारले असे म्हटले आहे. याच हिरोजीचे नाव देवळाच्या एका पायरीवर, सेवेसाठी सदैव तत्पर अशा शब्दांसह कोरलेले आहे. आडनाव परंपरेने इंदुलकर. एवढी राजधानी वसवणाऱ्याने आपल्या नावासाठी दर्शनाला येणाऱ्यांच्या पायाखालची जागा निवडावी, यापेक्षा मोठी ओळख त्याला नको. जवळच महाराजांची समाधी आहे. त्यांचे निधन ३ एप्रिल १६८० रोजी गडावरच झाले.

१६८९ मध्ये गड मोगलांकडे गेला. वेढ्यातून राजाराम महाराज निसटले ते वाघ दरवाजाने. औरंगजेबाने गडाला ‘इस्लामगड’ नाव दिले. १७३३ मध्ये तो पुन्हा मराठ्यांकडे आला. मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने समोरच्या डोंगरावरून तोफा डागल्या, आगीत वाडे जळाले आणि १० मे रोजी गड इंग्रजांच्या हाती पडला. आज दिसणारे बिनछपराचे अवशेष हा त्या आगीचाच परिणाम. १८९६ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने येथे शिवोत्सव झाला, समाधीच्या जीर्णोद्धाराची चळवळ वाढली आणि १९२६ पर्यंत समाधीवर छत्री उभी राहिली. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या अन्य ११ किल्ल्यांसह रायगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

हिरकणीवाडीहून रज्जुमार्गाने काही मिनिटांत थेट मेणा दरवाजाजवळ पोहोचता येते. वृद्धांची त्याने मोठी सोय झाली. पण त्या वाटेने महादरवाजा चुकतो, म्हणून जमेल त्याने निदान एक फेरी चित् दरवाजाच्या पायऱ्यांनी करावी. पावसाळ्यात पायऱ्या शेवाळतात आणि धुक्यात टोकांकडे जाणे धोक्याचे ठरते. पायथ्याच्या पाचाडला जिजाबाईंची समाधी आणि त्यांच्यासाठी बांधलेला वाडा आहे. राज्याभिषेकानंतर ११ दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, त्या पाचाडलाच निवर्तल्या. वाड्यातली तक्क्याची विहीर पाहण्यासारखी आहे: काठावर बसून पाठ टेकता यावी म्हणून तिला दगडी तक्क्या कोरून बसवलेला आहे.