बाणाच्या विषावरचा उतारा आणि मायस्थेनिया

सकाळी माणूस ठणठणीत असतो. दुपारनंतर पापणी खाली येते, एकाचे दोन दिसतात, रात्री जेवताना जबडा थकतो. थोडे पडून राहिले की पुन्हा बरे वाटते. अशा रुग्णाला घरचे लोक आळशी ठरवून मोकळे होतात! हा आजार मायस्थेनिया ग्रेव्हिस. बराच वेळ बोलल्यावर वाचाच बंद होणाऱ्या एका स्त्रीचे वर्णन इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी १६७२ मध्येच केले होते. उपाय मात्र पुढची अडीचशे वर्षे सापडला नाही.

१९३४ साली डॉ. मेरी वॉकर लंडनच्या ग्रीनिच भागातील सेंट आल्फेज रुग्णालयात काम करत होत्या. हे नावाजलेले रुग्णालय नव्हे, गोरगरिबांचे. तिथे या आजाराची ५६ वर्षांची एक स्त्री दाखल होती. मेंदूविकारतज्ज्ञ डेरेक डेनी-ब्राउन यांच्या बोलण्यात आले, की ही लक्षणे क्युरारेच्या विषबाधेसारखी आहेत. क्युरारे म्हणजे दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणांना लावत ते विष. त्याने स्नायू लुळे पडतात. त्यावर फायसोस्टिग्मिन हा उतारा ठाऊक होता. मग तो इथे का चालू नये, असा वॉकर यांनी सरळ विचार केला.

इंजेक्शननंतर तासाभरात पडलेली पापणी वर गेली, हातात जोर आला, गिळणे सुधारले. काही तासांनी परिणाम ओसरला. जूनमध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचे छोटेसे पत्र छापून आले. (जर्मनीच्या योली यांनी हेच औषध १८९५ मध्ये सुचवले होते, पण वापरून पाहिले नव्हते!)

परिणाम ओसरतो का, हे बऱ्याच उशिरा कळले. नस स्नायूला निरोप देते तो अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनातून. १९७३ मध्ये अमेरिकेत पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी हा निरोप घेणारी प्रथिने विजेरी ईल माशातून काढून सशांना टोचली. सशांमध्ये त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आणि ससे लुळे पडले. बहुतेक रुग्णांतही असेच घडते. स्नायू शाबूत असतो, निरोप पोचत नाही. वॉकर यांचे औषध ते रसायन जास्त वेळ टिकवते, प्रतिपिंडांना हात लावत नाही.

आजची पायरिडोस्टिग्मिनची गोळी त्याच कुळातली. प्रतिपिंडांना आवर घालायला स्टिरॉइड, अझाथायोप्रिन, आणि काहींमध्ये छातीतील थायमस ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया लागते. गोळीने बरे वाटते म्हणून ही औषधे परस्पर बंद करू नका. गिळताना ठसका लागू लागला किंवा श्वास अपुरा पडला, तर मनाने गोळ्या वाढवत घरी न थांबता लगेच रुग्णालय गाठा.